दारूबंदी आणि बधिर पावलं

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. गारगोटी रस्त्यावरचं कळंबा तेव्हा शहराबाहेरचं गाव होतं आणि कोल्हापूरला पाणी पाजणारा तलाव ही त्याची ओळख होती. संस्थान गेलं तसे करवीरातल्या इतर गावांप्रमाणे कळंब्यालाही मुंबईचे कायदे लागू झाले. त्यांतला एक अगदी नवा होता. मुंबई दारूबंदी अधिनियम १६ जून १९४९ रोजी अमलात आला आणि ६ एप्रिल १९५० पासून राज्यभर संपूर्ण दारूबंदी सुरू झाली. बरोबर वीस वर्षांपूर्वी, याच तारखेला, गांधीजींनी दांडीच्या किनाऱ्यावर मीठ उचललं होतं. दारू गाळणं, विकणं आणि बाळगणंच नव्हे, तर पिणंही आता गुन्हा ठरलं.

या धोरणाच्या मुळाशी एक डॉक्टर होते. १९३७ साली बाळासाहेब खेरांच्या पहिल्या काँग्रेस मंत्रिमंडळात आरोग्य आणि अबकारी ही दोन्ही खाती डॉ. मंचेरशा गिल्डर यांच्याकडे होती. ते मुंबईतले नामवंत हृदयरोगतज्ज्ञ, गांधीजींच्या प्रकृतीची काळजी घेणाऱ्यांपैकी एक. १ ऑगस्ट १९३९ रोजी त्यांनी मुंबई शहरात दारूबंदी आणली. ताडी-दारूच्या धंद्यात असलेल्या त्यांच्याच पारशी समाजातून कडवा विरोध झाला, तरी ते मागे हटले नाहीत. पुढे युद्ध आलं, मंत्रिमंडळानं राजीनामा दिला, ती बंदी उच्च न्यायालयात अडली. स्वातंत्र्यानंतर मात्र मोरारजी देसाईंच्या आग्रहानं ती अधिक कडक होऊन परतली.

या साऱ्या लढ्यात दारूचे तोटे अगणित वेळा सांगितले गेले: संसार मोडतो, मजुरी बुडते, बायकोमुलं उपाशी राहतात. ते खरंच होतं. पण पिणाऱ्याच्या शरीरात एक गोष्ट निमूटपणे घडत असते आणि तिची दखल या लढ्यात जवळपास कुणी घेतली नाही. आधी पायाच्या बोटांना मुंग्या येतात. मग तळव्यांची आग होते. नंतर चप्पल पायातून कधी निसटली तेही कळत नाही. हे का घडतं, हे शोधायला वैद्यकाला दीडशे वर्षं लागली. कायदा झाला तेव्हा तो शोध हाती आलेला होता आणि त्यात पिणाऱ्यासाठी मोठी आशाही होती. तो शोध आणि आपला दारूविरोधी लढा एकमेकांना भेटले नाहीत, याची किंमत आपण आजही देतो आहोत.

दारूनं शरीर बिघडतं हे आपल्याकडे जुनंच ज्ञान. चरकसंहितेत ‘मदात्यय’ या विकाराला स्वतंत्र अध्याय आहे. सुश्रुतानं पायांना झिणझिण्या येण्याच्या विकाराला ‘पादहर्ष’ म्हटलं आणि तो वाताच्या रोगांत घातला. दोन्ही निरीक्षणं बारीक होती, पण ती वेगवेगळ्या प्रकरणांत राहिली. त्यांची सांगड घातली गेली ती युरोप-अमेरिकेत. तिथे अठराव्या शतकापासून स्वस्त जिन, रम आणि व्हिस्कीचा पूर आला होता आणि दवाखाने पिणाऱ्यांनी भरत होते. लंडनच्या जॉन कोकली लेटसम यांनी १७८७ साली अति पिणाऱ्यांचे सुकलेले, दुखरे, निकामी पाय नोंदवले. बोस्टनच्या जेम्स जॅक्सन यांनी १८२२ साली तीव्र दारूमुळे होणाऱ्या एका ‘विशिष्ट रोगा’वर लेख लिहिला, त्यातल्या रुग्णांचं दुखणं पावलांपासून सुरू होई. १८४९ साली स्वीडनच्या मॅग्नस हुस यांनी मद्यविकाराला प्रथमच रोग म्हणून नाव दिलं आणि त्याच्या प्रकारांत एक प्रकार बधिरपणाचा मांडला. स्वीडनमध्ये तेव्हा बटाट्याची दारू घरोघर गाळली जात होती. हुस यांच्यासमोर आलेले रुग्ण शेतकरी-मजूर होते, आपल्याकडे असतात तसेच.

आपल्याकडे त्या काळात वेगळाच हिशेब चालू होता. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानं गावोगावच्या छोट्या भट्ट्या बंद केल्या, दारू मोजक्या मध्यवर्ती भट्ट्यांवर आणली आणि तिच्यावर चढा कर बसवला. सरकारच्या वहीत दारू हे भरवशाचं उत्पन्न झालं. महात्मा जोतीराव फुले तेव्हा पुणे नगरपालिकेचे सभासद होते. शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध त्यांनी १८८० साली नगरपालिकेला पत्र लिहिलं. १९०८ साली पुण्यात दुकानांपुढे निरोधनं झाली आणि टिळकांनी त्यांना पाठिंबा दिला. २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीनं ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणलं, तेव्हा राम गणेश गडकरी जाऊन महिनाही झाला नव्हता. सुधाकराचा प्याला, सिंधूचं सोसणं आणि तळिरामाची मंडळी मराठी मनात कायमची घर करून बसली. दारूकडे पाहण्याची आपली नजर या नाटकानं घडवली आणि ती नजर नीतीची होती. पिणारा माणूस बुडतो तो दुबळ्या मनामुळे, हे आपण त्यातून शिकलो. त्याची पावलं कोणत्या कारणानं अडखळतात, हा प्रश्न नाटकाचा नव्हताच.

तो प्रश्न त्याच वर्षांत दुसरीकडे सुटत होता. १८८१ साली बर्लिनच्या कार्ल वेर्निके यांनी डोळ्यांची हालचाल, तोल आणि शुद्ध एकदम बिघडवणारा मेंदूचा विकार वर्णिला. त्यांच्या तीन रुग्णांपैकी दोघे दारू पिणारे होते. मॉस्कोच्या सर्गेई कोर्साकोव यांनी १८८७ पासून दारूनं स्मृती गेलेल्या रुग्णांच्या हातापायांतल्या नसाही बिघडलेल्या असतात हे दाखवलं. दारू हे मज्जातंतूंचं विष, असा निष्कर्ष जवळपास पक्का झाला.

१९०० साली मँचेस्टरनं तो निष्कर्ष हादरवला. इंग्लंडच्या त्या गिरण्यांच्या शहरात अचानक शेकड्यांनी माणसं बधिर, दुखऱ्या, लुळ्या पायांनी इस्पितळात येऊ लागली. डॉक्टरांनी नेहमीचं निदान लिहिलं: दारूमुळे नसांचा दाह. गरीब मजूर, बिअर पिणारे. शंका घ्यावी असं कुणाला काही वाटलं नाही. अर्नेस्ट रेनॉल्ड्स या डॉक्टरांना मात्र दोन गोष्टी खटकल्या. दारू स्वस्त झालेली नसताना वा खप वाढलेला नसताना रुग्ण एकाएकी वाढले कसे? आणि कडक दारू पिणारे ठणठणीत असताना सौम्य बिअर पिणारेच का पडत होते? रुग्णांच्या कातडीवर काळसर डागही दिसत होते. त्यांनी बिअर तपासली आणि तिच्यात सोमल सापडला. आंबवण्यासाठी घातलेली साखर बनवताना अशुद्ध गंधकाम्ल वापरलं गेलं होतं आणि त्यातून विष पिंपापिंपांत पोचलं होतं. सुमारे सहा हजार माणसं आजारी पडली, किमान सत्तर दगावली. लॉर्ड केल्विन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. पिणारा आहे म्हणजे दारूनंच झालं असणार, या गृहीतामुळे विषबाधा बराच काळ नजरेआड राहिली, हा मँचेस्टरचा धडा.

दुसरा धडा जावा बेटावरून आला आणि तो तुरुंगातून आला. कळंब्याचं नाव आज राज्यात मध्यवर्ती कारागृहामुळे घेतलं जातं, म्हणून हा प्रसंग इथल्या वाचकानं मुद्दाम लक्षात ठेवावा. डच अमलाखालच्या जावात बेरीबेरीनं सैनिक आणि कैदी मरत होते. त्यांचीही सुरुवात बधिर पावलांनीच व्हायची. क्रिस्तियान आइकमन यांनी पाहिलं, की इस्पितळातल्या सैनिकांचा पांढराशुभ्र शिळा भात खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि साध्या, न पॉलिश केलेल्या तांदळावर त्या पुन्हा उभ्या राहतात. मग अडॉल्फ फॉर्डरमन यांनी बेटावरच्या शंभराहून अधिक तुरुंगांतली ताटं तपासली. पॉलिश तांदूळ देणाऱ्या तुरुंगांत साधारण ३९ कैद्यांमागे एकाला बेरीबेरी होती. कोंडा राखलेला तांदूळ देणाऱ्या तुरुंगांत दहा हजारांमागे एकाला. हवा, ओल, वस्ती यांनी फरक पडत नव्हता. फरक तांदळाच्या तांबूस सालीत होता. १९२६ साली यान्सेन आणि डोनाथ यांनी बटाविया इथे त्या सालीतलं द्रव्य वेगळं केलं. १९३६ साली रॉबर्ट विल्यम्स यांनी ते प्रयोगशाळेत घडवलं. हे विल्यम्स जन्मले आपल्याच देशात, नेल्लूरला. ते द्रव्य म्हणजे थायमिन, अर्थात जीवनसत्त्व ब-१.

बेरीबेरीचे पाय आणि दारुड्याचे पाय इतके सारखे का, हे विचारायला आता वेळ लागला नाही. १९२८ साली जॉर्ज शॅटक यांनी अंदाज मांडला, की पिणाऱ्याच्या नसा अन्नाच्या अभावानं मरत असाव्यात. १९३५ साली बोस्टनच्या मॉरिस स्ट्रॉस यांनी एक धाडसी प्रयोग केला. नसा बिघडलेल्या काही रुग्णांना त्यांनी रोजची व्हिस्की चालूच ठेवू दिली आणि सोबत भरपूर सकस जेवण व ब जीवनसत्त्व दिलं. पिणं सुरू असतानाही त्यांचे पाय सुधारले. आजच्या वैद्यकीय नीतीत असा प्रयोग बसणार नाही. पण त्यातून एक मोठी गोष्ट उघड झाली: पिणाऱ्याची नस मोठ्या प्रमाणात उपाशी असते, आणि उपाशी नसेला वेळेत अन्न मिळालं तर ती सावरू शकते.

ही सारी माहिती १९४९ च्या आधीची. म्हणजे कोल्हापुरात दारूबंदी आली तेव्हा, पाय बधिर झालेल्या माणसाला निश्चित उपचार देणारं शास्त्र जगात होतं. पण कायद्यानं पिणाऱ्याला आरोपी केलं, आणि आरोपी आपली पावलं डॉक्टरला दाखवत नाही. पावलं दाखवायची तर पितो हे कबूल करावं लागतं आणि ते कबूल करणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. शिवाय कोल्हापूरकरांना बधिर पायाची दुसरी धास्ती होतीच. शेंडा पार्कचं कुष्ठरोग्यांचं इस्पितळ शहराला माहीत होतं आणि पायाला लागलेलं कळत नाही म्हटलं की लोकांच्या मनात पहिली शंका त्याच रोगाची येई. लाज, भीती आणि कायदा, तिन्हींनी मिळून माणसाला गप्प केलं.

दारू तर थांबली नाहीच. हा गुऱ्हाळांचा मुलूख. गूळ आणि नवसागर यांचं रसायन उसाच्या फडात, ओढ्याच्या काठाला आंबवायचं आणि रात्री भट्टी लावायची, हा धंदा बंदीच्या काळात गावोगाव पसरला. भट्टीत काय पडतंय ते कुणी तपासत नव्हतं. शहरांत लोकांनी औषधी अर्कांचा आधार घेतला. १९५१ च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं कायदा मुळात वैध ठरवला, पण अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं यांच्यावरची बंदी रद्द केली. त्यानंतर सरकारनं कायदा घट्ट करत नेला. रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल आढळलं की ते औषधामुळे आहे हे आरोपीनं सिद्ध करायचं, अशी तरतूद आली. रक्तातली दारू मोजण्याची यंत्रणा जिल्ह्याजिल्ह्यात पोचली. पावलांतली संवेदना मोजायला लागतो एक कंपनकाटा आणि कापसाचा बोळा; तो मात्र त्या यंत्रणेसोबत आला नाही.

बंदीतली दारू किती घातक असते हे अमेरिकेनं १९३० साली भोगलं होतं. तिथे दारूबंदी असताना लोक ‘जमैका जिंजर’ नावाचा सुंठीचा औषधी अर्क पीत. सरकारी तपासणी चुकवण्यासाठी उत्पादकांनी त्यात एक औद्योगिक रसायन मिसळलं आणि त्यानं थेट पायांच्या नसांवर घाव घातला. तीस ते पन्नास हजार माणसं पंगू झाली, बहुतेक गरीब. महाराष्ट्रानं हे वेगळ्या रूपात पाहिलं. २००४ साली विक्रोळीत आणि जून २०१५ मध्ये मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या गावठीनं माणसं मेली. मालवणीत शंभराहून अधिक. मिथेनॉलपासून शरीरात फॉर्मिक आम्ल तयार होतं, ते डोळ्यांच्या नसेवर घाला घालतं आणि जगलेला माणूस आंधळा होतो. दोन्ही ठिकाणी मेले ते कष्टकरीच.

वसंतराव नाईकांच्या काळात, साठच्या दशकात, बंदी सैल झाली. १९७३ साली देशी दारूचे नियम आले आणि साखर कारखान्यांच्या मळीपासून गाळलेली देशी दुकानात उघड मिळू लागली. पिण्यासाठी परवाना लागतो हा जुन्या कायद्याचा अंश मात्र राहिला. ‘परमिट रूम’ या पाट्या त्यातूनच आल्या. सरकारच्या वहीत दारू पुन्हा उत्पन्नाच्या रकान्यात गेली. पिणारा आरोपीचा गिऱ्हाईक झाला. रुग्ण तो अजूनही झाला नव्हता.

तो बदल घडला पुण्यात. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं, २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू केलं. व्यसन हा आजार आहे आणि व्यसनी माणूस उपचाराला पात्र आहे, ही साधी गोष्ट मुक्तांगणनं मराठी समाजाला शिकवली. तिकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या पुढाकारानं दारूमुक्तीची चळवळ उभी राहिली आणि १९९३ पासून तो जिल्हा दारूबंदीचा झाला. राज्यात इतरत्र गावागावांत बायकांनी ‘आडव्या बाटली’साठी मतदान केलं. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला कौल दिला तर दुकान बंद होतं, हा नियम त्यांनी ठिकठिकाणी खरा करून दाखवला. या लढ्याचं मोल फार मोठं आहे. त्याला एक गोष्ट जोडायची राहिली आहे आणि ती म्हणजे पिणाऱ्याच्या पायांची आणि ताटाची तपासणी.

ती का हवी, हे शरीरात काय घडतं ते समजलं की पटतं. पायाच्या बोटापर्यंत जाणारी नस कमरेपाशी, कण्याजवळच्या एका सूक्ष्म पेशीतून निघते आणि सुमारे एक मीटर धावते. तिच्या टोकापर्यंत पोषण त्या एका पेशीलाच पोचवायचं असतं. टेलच्या शेतकऱ्याला कालव्याचं पाणी सगळ्यांत शेवटी मिळतं आणि टंचाईत सगळ्यांत आधी बंद होतं, तशी पायाच्या बोटांची गत. म्हणून बधिरपणा बोटांपासून सुरू होतो, मोजा घातल्यासारखा वर चढतो आणि गुडघ्याजवळ आल्यावर हातांच्या बोटांतही दिसू लागतो. शरीरातला थायमिनचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. एक ग्रॅम अल्कोहोल सात कॅलरी देतं, पण जीवनसत्त्व मुळीच देत नाही. पोट भरल्यासारखं वाटतं आणि माणूस भाकरीला हात लावत नाही. खाल्लंच तर दारूमुळे आतड्यातून थायमिन नीट शोषलं जात नाही आणि यकृतात साठतही नाही.

उपासमार हे एकच कारण नाही, हेही आता कळलं आहे. जपानमधल्या नागोया इथल्या संशोधकांनी या शतकाच्या सुरुवातीला दाखवलं, की थायमिन पुरेसं असलेल्या पिणाऱ्यांच्याही नसा बिघडतात. फरक असा, की तो बिघाड वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो आणि त्यात आग आणि वेदना अधिक असतात. थायमिनच्या अभावाचा बिघाड झपाट्यानं येतो आणि स्नायूंची ताकद घेऊन जातो. म्हणजे दारू नसेला उपाशीही ठेवते आणि स्वतःही जाळते. नुसत्या गोळ्या घेऊन पीत राहणं हा उपाय नाही.

मँचेस्टरचा धडा इथे पुन्हा लागू होतो. पितो म्हणून दारूच, असं ठरवून मोकळं होऊ नये. बधिर पावलांमागे मधुमेह असू शकतो, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते, थायरॉइडचा बिघाड किंवा कुष्ठरोग असू शकतो, आणि पिणाऱ्या माणसात यांतली दोन कारणं एकत्रही असतात. रक्ताच्या साध्या तपासण्यांनी बरंच कळतं. झिंगून खुर्चीच्या पाठीवर हात टाकून झोपल्यावर सकाळी मनगट उचलत नसेल, तर ती दबलेल्या नसेची तात्पुरती इजाही असू शकते. ती बहुतेक वेळा काही आठवड्यांत भरून येते, पण डॉक्टरला दाखवलीच पाहिजे.

उपचारातही दोन गोष्टी जिवाच्या आहेत. अंगात त्राण नाही म्हणून पिणाऱ्याला ग्लुकोजचं सलाईन लावायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. ग्लुकोज वापरायला शरीराला थायमिन लागतं. ते आधी न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलासुरला साठा संपून वेर्निके यांनी वर्णिलेला मेंदूचा विकार उफाळू शकतो. म्हणून थायमिनचं इंजेक्शन आधी किंवा सोबत, हे घरच्यांनी विचारून घ्यावं. दुसरी गोष्ट, वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं एकाएकी घरीच दारू तोडू नये. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीव जाऊ शकतो. सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

आज कळंबा शहराला जवळपास जोडलं गेलं आहे. सीपीआर रुग्णालय गाडीनं काही मिनिटांवर आहे आणि थायमिन हे औषधाच्या दुकानातल्या स्वस्त औषधांपैकी एक आहे. १९५० साली नव्हतं ते सगळं हाताशी आहे. आता हवं ते एवढंच, की आशाताईंनी घरोघरी रक्तदाब आणि साखर विचारताना पावलांना मुंग्या येतात का हेही विचारावं, व्यसनमुक्तीच्या शिबिरात दाखल होणाऱ्या प्रत्येकाचे पाय पहिल्याच दिवशी तपासले जावेत, आणि घरातल्या माणसानं ‘पायात काही कळत नाही’ म्हटलं तर त्याला दोष देण्याऐवजी आधी दवाखान्यात न्यावं. सुरुवातीच्या महिन्यांत दारू सुटली आणि पोषण मिळालं तर बऱ्याच जणांच्या नसा सावरतात. वर्षं उलटली की जे गेलं ते पूर्ण परत येत नाही. फुल्यांपासून आडव्या बाटलीपर्यंतचा आपला लढा पिणाऱ्याच्या घरासाठी होता. तो त्याच्या शरीरासाठीही लढला गेला, तर लढणाऱ्या बायकांना घरचा माणूस स्वतःच्या पायांवर उभा राहिलेला पाहायला मिळेल, आणि त्यांच्या कष्टांचं खरं चीज तेच आहे.